उपयोजित गणिताची सुरुवात कुठून करावी?

मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला नवे शैक्षणिक धोरण लागू झाले आणि मुख्य विषय, दुय्यम विषय, मुक्त ऐच्छिक विषय, कौशल्य विषय अशा रकान्यांत अभ्यासक्रमांची नव्याने मांडणी सुरू झाली. ठाणे आणि नवी मुंबईतील महाविद्यालयांत गणित शिकवणाऱ्या आम्हा मंडळींपुढे त्यामुळे एक जुनाच प्रश्न नव्या निकडीने उभा राहिला आहे: आधुनिक उपयोजित गणिताचा प्रास्ताविक अभ्यासक्रम कोणासाठी असावा आणि त्याची सुरुवात कशाने व्हावी? हा प्रश्न अभ्यास मंडळाच्या बैठकीपुरता मर्यादित आहे असे मला वाटत नाही. पुराचा इशारा, साथीचा अंदाज, रस्त्याचे रुंदीकरण, विम्याचा हप्ता, कर्जाची पात्रता हे सारे आज कुठल्या ना कुठल्या गणिती प्रारूपावर, म्हणजे मॉडेलवर, ठरते आणि ज्यांच्या आयुष्यावर ते ठरते त्यांतील बहुतेकांनी प्रारूप म्हणजे काय हे कधीच शिकलेले नसते. म्हणून माझे मत असे की हा अभ्यासक्रम विज्ञान, वाणिज्य आणि कला या तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना खुला असावा आणि त्याची सुरुवात समीकरणे सोडवण्याच्या तंत्रांपासून न होता, एखादा खरा प्रश्न गणितात कसा मांडतात, तसे करताना काय गृहीत धरावे लागते आणि ते गृहीत कुठे तुटते, इथून व्हावी.

सध्या काय चालते ते आधी पाहू. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना उपयोजित गणित भेटते ते एम-वन, एम-टू, एम-थ्री या नावांनी. लाप्लास रूपांतर, फूरिए श्रेणी, मॅट्रिक्सच्या आयगेन किमती, संमिश्र चलांचे संकलन अशी एकाहून एक समर्थ तंत्रे त्यांत असतात, परंतु ती ज्या प्रश्नांसाठी जन्माला आली ते प्रश्न त्यांत बहुधा नसतात. विद्यार्थी गणिताचा प्रकार ओळखतो, त्या प्रकाराची ठरलेली रीत आठवतो, आणि तीन तासांत जमतील तेवढी गणिते सोडवतो. न जमल्यास केटी लागते, म्हणजे तो विषय पुन्हा द्यावा लागतो, आणि पुढच्या सत्रात हाच क्रम पुन्हा सुरू होतो. बी. एस्सी.च्या वर्गात चित्र वेगळे असले तरी परिणाम फारसा वेगळा नाही, कारण तिथे सिद्धता असतात पण वापर नसतो. वाणिज्य शाखेत व्याज, हप्ते आणि थोडे संख्याशास्त्र असते. कला शाखेचा विद्यार्थी तर दहावीनंतर गणितापासून कायमचा तुटू शकतो. तंत्रांना मी कमी लेखत नाही. ती आलीच पाहिजेत. पण फूरिए श्रेणीची दहा गणिते अचूक सोडवलेल्या मुलीला भरतीच्या वेळापत्रकात तीच श्रेणी दडलेली आहे हे जर चार वर्षांत कोणी सांगितले नसेल, तर त्या विषयाच्या नावातील ‘उपयोजित’ या शब्दाला तिच्यापुरता काही आधार उरत नाही.

प्रारूपापासून सुरुवात म्हणजे काय, हे दाखवण्यासाठी मी नेहमी एक उदाहरण पुढे ठेवतो, आणि ते आपल्याच भागाचे आहे. साथीच्या रोगांच्या गणिताचा पाया ज्या शोधनिबंधाने घातला असे मानले जाते, तो विल्यम केरमॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक यांचा निबंध १९२७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. मॅकेंड्रिक हे भारतीय वैद्यकीय सेवेत राहिलेले डॉक्टर होते. केरमॅक हे रसायनशास्त्रज्ञ, १९२४ साली प्रयोगशाळेतील स्फोटात दृष्टी गमावलेले. त्यांनी लोकसंख्येचे तीन गट केले: लागण होऊ शकेल असे, लागण झालेले, आणि बरे होऊन किंवा मृत्यूमुळे साथीच्या बाहेर गेलेले. पहिल्या गटातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात माणसे कोणत्या वेगाने जातात, एवढ्याच हिशोबातून त्यांनी दाखवले की साथ पेटण्यासाठी पहिल्या गटाची संख्या एका उंबरठ्यापेक्षा जास्त असावी लागते, आणि सगळ्यांना लागण होण्याआधीच साथ ओसरू शकते. २०२० साली घराघरांत चर्चिला गेलेला ‘आर’ हा आकडा, म्हणजे एका रुग्णाकडून सरासरी किती जणांना लागण होते ती संख्या, याच विचारधारेतला आहे. आणि हे प्रारूप ताडून पाहण्यासाठी त्यांनी निबंधात जी आकडेवारी घेतली, ती होती मुंबईतील प्लेगच्या साप्ताहिक मृत्यूंची, १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातली. शिखराच्या सुमारास आठवड्याला नऊशेच्या आसपास मृत्यू नोंदले गेले होते.

प्रारूपातून निघणारी घंटेच्या आकाराची वक्ररेषा त्या नोंदींवर फार सुरेख बसते. बहुतेक वर्गांत गोष्ट इथेच संपेल आणि विद्यार्थी गणिताच्या सामर्थ्याने भारावून घरी जातील. खरा धडा मात्र यापुढे आहे. मुळात प्लेग हा उंदीर आणि पिसवा यांच्यामार्फत पसरणारा रोग. माणसांतील साथ ही उंदरांतील साथीची छाया आहे असे लेखकांनी गृहीत धरले होते, सर्व उंदीर सारखेच बळी पडू शकतात असे गृहीत धरले होते, लागणीचे प्रमाण संपूर्ण काळ स्थिर राहते असे गृहीत धरले होते. यांतील एकही गृहीत काटेकोरपणे खरे नाही, त्यामुळे उत्तर फार ढोबळ समजावे आणि त्यातील स्थिरांकांवरून निष्कर्ष काढू नयेत, असे त्यांनी स्वतःच निबंधात नोंदवून ठेवले आहे. पुढे अलीकडच्या अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट निदर्शनाला आणली: मुंबईत प्लेग त्या काळी वर्षामागून वर्षे साधारण त्याच महिन्यांत चढत आणि त्याच महिन्यांत ओसरत होता. म्हणजे उतरणीचे कारण लागण होऊ शकणाऱ्यांची संख्या घटणे हे नसून ऋतुबदल हेही असू शकते. कारणे दोन, पण वक्ररेषा एकच. वक्ररेषा जुळली म्हणजे कारण सापडले असे होत नाही, हे तत्त्व मी फळ्यावर लिहून दिले तर ते पाठ होईल आणि विसरले जाईल. परंतु मुंबईच्याच मृत्यूंच्या आकड्यांवर विद्यार्थ्याने ती रेषा स्वतः बसवली आणि मग तिच्यावरचा आक्षेप वाचला, तर त्याला पुढे आयुष्यभर कुठल्याही आलेखाकडे भाबडेपणाने पाहता येणार नाही. या एका निबंधावर तीन आठवडे घालवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी कलनही (कॅल्क्युलस) लागत नाही. आजचे आकडे घेऊन उद्याचे काढायचे, उद्याचे घेऊन परवाचे, अशी साधी बेरीज-गुणाकाराची पायरी स्प्रेडशीटमध्ये दोनशे ओळी खाली ओढली की साथीची वक्ररेषा उभी राहते, आणि वाणिज्य किंवा कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही ती स्वतःच्या हाताने काढता येते.

दुसरे उदाहरण खाडीचे. कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वा अकरा वाजता. दर्यावर जाणाऱ्या माणसाला हा हिशोब तोंडी जमतो आणि कामाला पुरतो. आता हा नियम वर्गात तपासायला घ्यावा. एका तिथीत चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकतो, आणि ३६० अंशांना २४ तास या हिशोबाने १२ अंशांची किंमत ४८ मिनिटे होते. ठोकताळा मात्र ४५ मिनिटेच धरतो. तीन मिनिटांची ही तूट पंधरा तिथींत पाऊण तासापर्यंत साचते. मग ती जाते कुठे? नियमानुसार पौर्णिमेला भरती सव्वा अकराला आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला पाऊण वाजता. म्हणजे साचलेली सारी तूट एका दिवसात दीड तासाची उडी मारून भरून काढली जाते. खरी भरती अशी उडी मारत नाही. नियमाने सोपेपणासाठी अचूकपणाचा काही भाग सोडला आहे, आणि तो नेमका कुठे व किती सोडला हे विद्यार्थ्याला मोजता येते.

पुढची पायरी आणखी रंजक आहे. भरतीच्या छापील तक्त्याशी रोजच्या वेळा ताडून पाहिल्या तर रोजचा उशीर ४८ मिनिटेही स्थिर नसतो असे दिसते. उधाणाच्या दिवसांत तो कमी असतो आणि भांगाच्या दिवसांत जास्त. याचे कारण भरती ही एकच लाट नाही. चंद्रामुळे येणारी सुमारे १२ तास २५ मिनिटांच्या आवर्तनाची एक लाट आणि सूर्यामुळे येणारी बरोबर १२ तासांची दुसरी, लहान लाट, या दोहोंची बेरीज आपण पाहत असतो. त्या एकमेकींच्या जोडीला आल्या की उधाण, विरोधात गेल्या की भांग. आणि हे चक्र पंधरा दिवसांहून थोड्या कमी काळात फिरते. कोणतीही आवर्ती हालचाल अशा साध्या लाटांच्या बेरजेत मांडता येते ही कल्पना फूरिए यांनी १८०७ मध्ये उष्णतेच्या वहनाचा अभ्यास करताना मांडली आणि १८२२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. १८७० च्या दशकात लॉर्ड केल्विन यांनी तिच्यावर आधारलेले, चाकांच्या आणि कप्प्यांच्या साह्याने भरतीचा अंदाज काढणारे यंत्र बनवले, आणि १८७९ पर्यंत भारतातील बंदरांसाठीही असे यंत्र तयार झाले होते. मुंबईच्या अपोलो बंदरावरील समुद्रपातळीच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. एम-थ्रीच्या पुस्तकात जी श्रेणी मुलांना निर्जीव वाटते, ती ठाण्याच्या खाडीत दिवसातून दोनदा चढते-उतरते. आणि खाडीच्या आतल्या टोकाला भरती बंदरापेक्षा किती उशिरा पोहोचते हे मोजण्यासाठी एक काठी, एक घड्याळ आणि कळव्याच्या पुलाजवळची एखादी सुरक्षित जागा एवढेच साहित्य पुरते.

नवी मुंबईत हाच प्रश्न नागरी होतो. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने खाडीकाठच्या सखल जमिनीवर वाशी, नेरूळ, बेलापूर अशी उपनगरे वसवताना पावसाचे पाणी काही काळ साठवून ठेवण्यासाठी धारण तलाव बांधले. भरती असताना खाडीकडची दारे बंद राहतात, वस्तीतले पाणी तलावात साठते, ओहोटी लागली की बाहेर जाते. या तलावांतील गाळ, त्यांत वाढलेली खारफुटी आणि त्यांच्या कडेच्या जमिनीवरील बांधकाम यांवर गेली अनेक वर्षे वाद चालू आहेत, आणि दोन्ही बाजूंची माणसे कळकळीने बोलत असली तरी आकड्यांत क्वचितच बोलतात. हिशोब वास्तविक पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातला आहे. समजा एका तलावाकडे ५ चौरस किलोमीटर भागाचे पाणी येते आणि भरतीची दारे बंद असताना १०० मिलिमीटर पाऊस पडला. एका चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १,००० घनमीटर पाणी. तेव्हा एकूण पाणी ५ लाख घनमीटर. तलाव २५ हेक्टरांचा असेल तर त्याची पातळी दोन मीटरने चढेल. गाळामुळे त्याची अर्धा मीटर खोली गेली असेल, तर सव्वा लाख घनमीटरची जागा गेली, म्हणजे २५ मिलिमीटर पाऊस सामावण्याची क्षमता गेली. मग प्रश्न सुरू होतात: सगळे पाणी तलावापर्यंत पोहोचते का, किती जमिनीत मुरते, काँक्रीट वाढल्यावर ते प्रमाण किती बदलते, दारे नेमकी किती तास बंद राहतात, पंप किती पाणी उपसतात? प्रत्येक प्रश्न प्रारूपात एक पद वाढवतो. खारफुटी काढावी की राखावी याचा निर्णय गणित देत नाही आणि देऊ नये, कारण त्यात खाडीच्या जिवांचे आणि मच्छीमारांचे मोलही धरावे लागते. पण वाद कोणत्या आकड्यावर अडला आहे हे मात्र ते दाखवून देते.

इथेच संभाव्यतेचा धडाही यावा. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पाऊस’ हे शब्द ऐकून बहुतेकांची समजूत होते की तो एकदा येऊन गेला की पुढच्या पिढ्या निर्धास्त. त्या शब्दांचा अर्थ एवढाच की दरवर्षी तसा पाऊस पडण्याची शक्यता १ टक्का आहे. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत तो एकदा तरी येण्याची शक्यता यावरून सुमारे १८ टक्के निघते, आणि ही आकडेमोड पदवीच्या कोणत्याही विद्यार्थ्याला एका ओळीत करता येते. शिवाय दरवर्षीची शक्यता १ टक्का हे गृहीतही जुन्या नोंदींवर उभे असते. हवामान बदलत असेल तर ते गृहीतच सरकते. सखल भागात घर घेणाऱ्या कुटुंबाला हे कळणे आवश्यक आहे.

वाहतुकीबद्दल थोडक्यात. घोडबंदर रस्त्यावर गाड्या जरा वाढल्या की प्रवासाचा वेळ जराच न वाढता एकदम दुप्पट-तिप्पट का होतो, याचे उत्तर रांगांच्या गणितात आहे, ज्याची सुरुवात कोपनहेगनच्या टेलिफोन यंत्रणेसाठी डॅनिश गणितज्ञ एरलांग यांनी १९०९ मध्ये केली. एकाच खिडकीच्या सर्वांत साध्या प्रारूपात क्षमतेच्या ८० टक्के वापर असताना सरासरी ४ जण रांगेत व खिडकीपाशी मिळून असतात, ९० टक्क्यांना ९, आणि ९५ टक्क्यांना १९. रस्ता ही खिडकी नव्हे, हे खरे; पण क्षमतेच्या काठाजवळ थोडासा भार फार मोठा विलंब घडवतो, हे वळण दोन्हीकडे सारखे आहे. आणि जर्मन गणितज्ञ ब्रेस यांनी १९६८ मध्ये दाखवले की वाहनांच्या जाळ्यात एक नवा रस्ता जोडल्याने, प्रत्येक चालक आपापला सोयीचा मार्ग निवडत असेल तर, काही वेळा सर्वांचाच प्रवास लांबू शकतो. ठाण्याभोवती बोगदे, उड्डाणपूल आणि मेट्रो यांची एवढी कामे चालू असताना इथल्या पदवीधराने हे निष्कर्ष कधी ऐकलेलेच नसावेत, हे मला खटकते. यावरून एखादा प्रकल्प चुकीचा ठरतो असे मुळीच नाही. त्यामागे कोणते प्रारूप होते आणि त्यात काय धरले होते, हे विचारण्याची क्षमता मात्र यातून येते.

‘आधुनिक’ या विशेषणाला साजेसा भागही अभ्यासक्रमात असावाच. निरीक्षणांतून सर्वांत जुळणारी रेषा काढण्याची किमान वर्गांची पद्धत लेजाँद्र यांनी १८०५ मध्ये आणि गाउस यांनी १८०९ मध्ये प्रसिद्ध केली, आणि आजची यंत्रशिक्षणाची (मशीन लर्निंगची) कितीतरी कामे तिचाच विस्तार आहेत. मर्यादित साधनांचे सर्वोत्तम वाटप करण्याचे गणित, ज्याला लिनिअर प्रोग्रॅमिंग म्हणतात, त्यासाठी डँटझिग यांनी १९४७ मध्ये सिम्प्लेक्स पद्धत दिली आणि पवईच्या आयआयटीत शिकलेले नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करताना अगदी वेगळ्या वाटेने जाणारी नवी पद्धत मांडली; वाशीच्या घाऊक बाजारातून कोणता ट्रक कोणत्या वस्तीकडे पाठवावा हा प्रश्न याच कुळातला. आपण मोबाइलवर एकमेकांना पाठवतो ती छायाचित्रे लहान आकारात बसतात, त्यामागे नासिर अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडलेले कोसाइन रूपांतर आहे. संगणकाच्या आकडेमोडीतील त्रुटींचाही एक तास हवा: १९९१ च्या आखाती युद्धात एका क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेचे घड्याळ सुमारे शंभर तासांत सेकंदाच्या एक-तृतीयांशाइतके सरकले, कारण एक-दशांश हा अपूर्णांक संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) पद्धतीत नेमका लिहिता येत नाही; त्यामुळे येणारे क्षेपणास्त्र अडवले गेले नाही, आणि त्या रात्री २८ सैनिकांचा जीव गेला. एवढे सगळे एका सत्रात खोलवर होणार नाही. म्हणून यांतील दोनच भाग नीट करावेत आणि बाकीच्यांची केवळ ओळख द्यावी.

आता आक्षेपांकडे वळू. सर्वांत वजनदार आक्षेप माझ्या सहकाऱ्यांकडूनच येतो: ज्यांचा पायाच कच्चा आहे त्यांना वापर काय शिकवणार, आधी पाया भक्कम करा. या आक्षेपामागची तळमळ मला मान्य आहे, क्रम मान्य नाही. पाया आधी, वापर नंतर, या क्रमाने आपण शिकवत आलो आहोत, आणि बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या बाबतीत ते ‘नंतर’ कधी उगवतच नाही, कारण तोवर ते गणित सोडून गेलेले असतात. शहापूर, मुरबाड, भिवंडीच्या गावांतून मराठी माध्यमात शिकून ठाण्याच्या महाविद्यालयात आलेल्या मुलांकडे पाहावे. इंग्रजीतील व्याख्यांची रांग पहिल्याच महिन्यात त्यांना गप्प करते. पण धरणाच्या पाण्याचा किंवा भाताच्या उताऱ्याचा प्रश्न मराठीत मांडला की त्यांच्याकडे सांगण्यासारखे असते, आणि अपूर्णांकांची किंवा आलेखाची कच्ची बाजू ती मग स्वतःहून पक्की करू लागतात, कारण आता ती कशासाठी लागते हे त्यांना दिसते. याच कारणाने वर्गातील विवेचन आणि अहवाललेखन मराठीतही करण्याची मुभा या अभ्यासक्रमात असलीच पाहिजे.

त्याच आक्षेपाची दुसरी बाजू मात्र मी पूर्णपणे मान्य करतो. उपयोगांच्या नावाखाली गोष्टी सांगण्याचा तास होऊ नये. ज्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याने आकडेमोड केली नाही, एकही विधान सिद्ध केले नाही, आणि शेवटी चकचकीत सादरीकरण तेवढे केले, तो नसलेला बरा. किमान वर्गांची रेषा संगणकाने काढून दिली तरी ती तशीच का येते हे दोन चलांपुरते तरी हाताने सिद्ध करून पाहिले पाहिजे.

संगणक आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता सारे सोडवून देत असताना हे शिकवायचे कशाला, असेही विचारले जाते. एम-वनच्या प्रश्नपत्रिकेतील गणित यंत्र क्षणात सोडवते, हे खरेच आहे. आणि म्हणूनच केवळ तंत्रांवर उभा असलेला अभ्यासक्रम सर्वांत आधी निरुपयोगी ठरणार आहे. यंत्र गृहीतांची यादीही देईल, पण नेरूळच्या एका विशिष्ट तलावाची दारे गेल्या पावसाळ्यात खरोखर मिटत होती की नाही हे तिथे जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि उत्तर चुकले तर त्याची जबाबदारी माणसावरच येते. नोकरीच्या दृष्टीने पाहिले तरी हेच दिसते. ऐरोली, महापे, रबाळे या पट्ट्यात डेटा सेंटरे आणि माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपन्या उभ्या आहेत, आणि कौशल्य विषयाच्या नावाखाली आपली महाविद्यालये त्यांच्यासाठी एखाद्या सॉफ्टवेअरचे तीस तासांचे प्रमाणपत्र देऊ पाहतात. ते सॉफ्टवेअर काही वर्षांत बदलेल. आकड्यांचा अर्थ लावण्याची, आणि ‘हे उत्तर शक्य तरी आहे का’ असे ढोबळ अंदाजाने तपासण्याची सवय मात्र सॉफ्टवेअर बदलले तरी कामाला येत राहील.

खऱ्या अडचणी दोन आहेत, आणि दोन्ही शिक्षणशास्त्राच्या बाहेरच्या आहेत. पहिली आकडेवारीची. नवी मुंबईत विभागवार पावसाचे आकडे रोज जाहीर होतात, भरतीचे तक्ते मिळतात, पण तलावांची पातळी, पंपांचे तास, चौकांतील वाहनसंख्या या नोंदी सामान्य विद्यार्थ्याला वापरता येतील अशा तक्त्यांत सहजी मिळत नाहीत. महापालिकांनी त्या गेल्या काही वर्षांसह खुल्या कराव्यात, ही मागणी महाविद्यालयांनी एकत्रितपणे करायला हवी. तिला खर्च जवळजवळ नाही आणि तिचा उपयोग वर्गाबाहेरच्या नागरिकांनाही आहे.

दुसरी अडचण शिक्षकांची. अनेक महाविद्यालयांत गणिताचे तास तासिका तत्त्वावरील शिक्षक घेतात. त्यांना घेतलेल्या तासांचे पैसे मिळतात, नवे प्रश्न रचण्याचे, खाडीवर विद्यार्थ्यांना घेऊन जाण्याचे, पन्नास अहवाल वाचण्याचे मिळत नाहीत. त्यांनी हे सारे केवळ आस्थेपोटी करावे अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. श्रेयांक मोजताना प्रात्यक्षिकाचे तास जसे स्वतंत्र धरले जातात, तसे या अभ्यासक्रमाचे प्रकल्पाचे तास शिक्षकाच्या कार्यभारात धरले गेले नाहीत, तर पहिल्याच वर्षी तो पुन्हा जुन्या गणितांच्या वहीत जाऊन बसेल.

यातूनच परीक्षेचा प्रश्न निघतो, कारण आपल्याकडे परीक्षेत जे विचारले जाते तेच शिकवले जाते. माझा प्रस्ताव असा आहे की निम्मे गुण नेहमीच्या लेखी गणितांना असावेत, म्हणजे तंत्राची शिस्त सुटणार नाही. उरलेल्या निम्म्यांत विद्यार्थ्याला एक अपरिचित प्रश्न, त्याची आकडेवारी आणि त्यावर दुसऱ्या कोणी केलेले एक सदोष प्रारूप द्यावे. त्यातील गृहीते त्याने ओळखावीत, सर्वांत कच्चे कोणते ते कारणांसह सांगावे, ते बदलले तर उत्तर किती बदलते ते आकड्यांत दाखवावे. अशा उत्तरपत्रिका तपासताना दोन परीक्षकांत मतभेद होणारच, म्हणून त्या दोघांनी स्वतंत्रपणे तपासाव्यात आणि फरक मोठा असेल तिथे तिसऱ्याने पाहावे. एकट्या महाविद्यालयाला हे झेपणार नाही. बाळकुम येथील विद्यापीठाचे ठाणे उपकेंद्र आणि ठाणे-नवी मुंबईतील पाच-सहा महाविद्यालये यांनी मिळून प्रश्नांचा एक सामायिक संच आणि परीक्षकांचा एक सामायिक गट उभा करावा लागेल, आणि तो पुढील वर्षाच्या मुक्त ऐच्छिक विषयांच्या याद्या ठरण्याआधी उभा राहिला तरच पहिली तुकडी जूनमध्ये सुरू होऊ शकेल.